येणारा सोबती, सोबत येणारा

सोमवार, ३ मार्च

पोहोचलो. धाकटा प्रवासभर घोरत होता आणि मी दोन्ही बॅगा मांडीवर घेऊन जागा. आता तो ताजातवाना होऊन खिडकीतून खाली बघतोय आणि माझी कंबर धरली आहे.

का आलो ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढे डळमळलो तर वाचता येईल. मी सहासष्ट, धाकटा एकोणपन्नास. त्याची समज सात-आठ वर्षांच्या मुलाइतकी आहे, असं डॉक्टरांनी आईला सांगितलं तेव्हा तो सात-आठ वर्षांचाच होता, त्यामुळे आईला त्यात वावगं काही वाटलं नाही. नंतर वाटायला लागलं. ती गेल्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून आम्ही दोघंच. मागच्या वर्षी माझ्या हृदयात स्टेंट बसला आणि तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न बसला आहे : माझ्यामागे याचं काय? दोन संस्थांनी नाही म्हटलं. एकीने वय जास्त म्हणून, दुसरीने ‘स्वतःची कामं स्वतः करत नाही’ म्हणून. ही तिसरी. इथे जागा एकच रिकामी आहे. सहा आठवडे राहून बघायचं, मग सगळे वर्तुळात बसून हो-नाही ठरवणार. नाही म्हणाले तर पुढे काय, ते मला खरोखर माहीत नाही.

हे घर चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. त्यांनी इथलं तत्त्वज्ञान सांगितलं. आत्मा कधी अडाणी नसतो, फक्त त्याला मिळालेली हत्यारं कमी-जास्त धारेची असतात. म्हणून इथे सांभाळणारे आणि सांभाळले जाणारे असा भेद नाही, सगळेच ‘सोबती’. ऐकायला छान आहे. पण धाकट्याच्या बुटाची लेस कोण बांधणार, हे त्यात आलं नाही.

मी त्याच्याबद्दल चार पानी टिपण आणलं होतं. ताईंनी न वाचता कपाटात ठेवलं. “आम्ही नव्या माणसाची फाईल सहा आठवडे उघडत नाही. कागदावरचा माणूस आधी भेटला की समोरचा दिसेनासा होतो.” फक्त एक फॉर्म भरून घेतला. काय ती भाषा! ‘येणाऱ्या सोबत्याचे नाव’ आणि खाली ‘सोबत येणाऱ्याचे नाव’. एकच गोष्ट दोनदा विचारायची ही कुठली तऱ्हा? पहिल्या रकान्यात माझं नाव घातलं, दुसऱ्यात धाकट्याचं. शिवाय ‘रहाण्याचा कालावधी’चं ‘राहण्याचा’ केलं. छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासली आहेत, हात शिवशिवतो.

बुधवार, ५ मार्च

फळ्यावर आमची नावं लागली. माझं वर, मोठ्या अक्षरात, भोवती पिवळी फुलं. धाकट्याचं खाली, बारीक. वडीलधाऱ्याचा मान ठेवतात, बरं वाटलं.

इथे वीसेक माणसं आहेत आणि कोण कुणाला सांभाळतं ते कळायला मार्ग नाही. काल स्वयंपाकघरात एक गृहस्थ बटाटे सोलत होते. मी शेजारी बसून, एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने विचारलं, “हे-काय-आहे? ब-टा-टा! शाब्बास!” ते दर बुधवारी येणारे डॉक्टर निघाले. मंगळवारीही येतात म्हणे, बटाटे आवडतात म्हणून.

त्याआधी चष्मा आणि कोट घातलेल्या एका भारदस्त माणसाला मी माझ्या रक्तदाबाची सगळी कहाणी सांगितली होती. त्याने अर्धा तास शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “मीठ कमी.” तो इथला धोबीखान्यातला सोबती आहे, आणि सगळ्यांना तेच सांगतो. मीठ मात्र मी कमी केलं आहे.

शनिवार, ८ मार्च

मला जबाबदारी मिळाली. हातमागावर बसणाऱ्या एक बाई आहेत, वय पंचेचाळीसच्या आसपास, बुटक्या, गोल चेहऱ्याच्या. गुणसूत्रातल्या फरकामुळे त्यांची वाढ वेगळी झाली, पण आवाज कुणाच्याही वरचा. मी त्यांना मनातल्या मनात मुकादम म्हणतो. ताई म्हणाल्या, “हे सहा आठवडे तुमची दोघांची जोडी.” म्हणजे त्यांच्यावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे. आल्या आल्या एवढा विश्वास टाकला याचं कौतुक वाटलं.

मुकादम सगळ्यांना अरे-तुरे करतात. सकाळी दार वाजवून म्हणाल्या, “काका, उठलास? दात घासलेस? चल, मी जिना दाखवते.” जिना मला पाच दिवस दिसतोय. पण त्यांचा उत्साह मोडू नये म्हणून हात धरू दिला.

बुधवार, १२ मार्च

धाकट्याच्या बाबतीत इथे सरळसरळ हयगय चालली आहे. त्याच्यासोबत कुणीच दिलेलं नाही! आल्या दिवसापासून त्याला भट्टीवाल्याकडे सोडून दिलंय. हा भट्टीवाला पगारी माणूस, पाव उत्तम करतो, पण दिवसाला तीन शब्दही बोलत नाही. धाकट्याने विचारलं, “मी काय करू?” तर त्याने पिठाचं पोतं दाखवलं. धाकट्याने ते उचललं. घरी मी त्याला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही.

ताईंकडे गेलो. “त्याला काही येत नाही हो.” त्या म्हणाल्या, “तुम्ही काळजी करू नका, काका. त्यांचं ते बघतील. तुम्हाला इथे कसं वाटतंय, ते सांगा.” मी म्हणालो, मला काय धाड भरली आहे? त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

रविवार, १६ मार्च

लेसचं लिहायचं राहिलं. पहिले दहा दिवस मी पहाटे उठून त्याची लेस बांधत होतो. शुक्रवारी बघतो तर बांधलेली. गाठ एका बाजूला, शेपूट लोंबतंय. “कुणी बांधली?” तर बोटाने स्वतःकडे दाखवलं. भट्टीवाल्याने शिकवली म्हणे, कणकेच्या दोन वळ्या घेऊन. गाठ चुकीची होती. सोडून नीट बांधायला वाकलो तर त्याने पाय मागे घेतला.

मी इतका वेळ वाकलेलाच राहिलो, की मुकादम धावत आल्या. “कंबर धरली का काका? थांब, मी धरते.”

गुरुवार, २० मार्च

कहर झाला. त्याला भट्टीच्या खोलीची किल्ली दिली! धाकट्याला! घरी मी काडेपेटी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवतो, आणि इथे अख्खी भट्टी त्याच्या गळ्यात दोरीने अडकवली. ताई म्हणाल्या, “भट्टीवाल्याला पहाटे यायला उशीर होतो. तुमचे भाऊ जबाबदार आहेत, म्हणून दिली.” मला क्षणभर वाटलं, या दुसऱ्याच कुणाच्या भावाबद्दल बोलताहेत.

त्यात आता तो पावाची हातगाडी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जातो. रस्ता ओलांडून! आज मी झाडामागून, मग टपालपेटीमागून त्याच्या मागे गेलो. त्याने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं. दुकानदाराशी बोलला, ट्रे उतरवले, कागदावर सही घेतली. तो सुखरूप परतला. मला मात्र एका सायकलवाल्याने जवळजवळ उडवलंच होतं, कारण मी फक्त त्याच्याकडे बघत होतो. मुकादमांनी फाटकात माझा हात पकडला. “सांगून जायचं असतं, काका. सगळे शोधत होते तुला.”

संध्याकाळी रोज वर्तुळ बसतं. हात धरून मिनिटभर शांत राहायचं, मग प्रत्येकाने त्या दिवशी दुसऱ्यात काय पाहिलं ते एका वाक्यात सांगायचं. मुकादम म्हणाल्या, “आज काका एकटे बाहेर गेले. घाबरले, पण परत आले.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बिचाऱ्या! माणसांची अदलाबदल करतात. रस्ता ओलांडला धाकट्याने, टाळ्या मला.

मंगळवार, २५ मार्च

धाकटा पहाटे चारला उठतो, माझी झोप मोडते, म्हणून त्याने भट्टीमागच्या छोट्या खोलीत खाट टाकून घेतली. मला विचारलंसुद्धा नाही, सांगितलं. “तू झोप, दादा.” अकरा वर्षांत आम्ही वेगळ्या खोलीत झोपलो नाही. त्याला एकट्याला भीती वाटते. सकाळी चहाला भेटला तेव्हा विचारलं, झोप लागली का? म्हणाला, “लागली.” चेहरा तुकतुकीत होता. वरवर असेल. मला स्वतःला डोळ्याला डोळा लागला नाही, काळजीने.

सोमवार, ३१ मार्च

मुकादमांच्या हाताखाली (म्हणजे माझ्या देखरेखीखाली) धाग्याची रिळं रंगवार लावतो. मी खुर्चीत बसून सूचना देत होतो. त्या म्हणाल्या, “उंटावरून शेळ्या हाकू नकोस. खाली बस.” बसलो. हिरव्यात निळं घातलं. मी, ज्याच्या नजरेतून वेलांटी सुटत नाही! त्या म्हणाल्या, “होतं, काका. परत कर.” रागावल्या नाहीत, हसल्या नाहीत. घरी धाकट्याकडून काही सांडलं की मी काय म्हणतो, ते आठवलं आणि गप्प परत केलं.

वर्तुळात त्या म्हणाल्या, “काकांनी आज कुणाला दुरुस्त केलं नाही. जेवणापर्यंत.” पुन्हा टाळ्या. खरं सांगायचं तर या टाळ्यांची सवय होतेय, वाईट वाटत नाही.

रविवार, ६ एप्रिल

शनिवारी निर्णयाचं वर्तुळ आहे. धाकट्याची बाजू मांडायला टिपण करायला बसलो. पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे ‘येतं’, उजवीकडे ‘येत नाही’. उजवी बाजू दहा मिनिटांत भरली. मग खिडकीतून पाहिलं तर खाली तो गाडीवर ट्रे रचत होता. उजव्या बाजूचं एक खोडलं. मग दुसरं. चहाच्या वेळेपर्यंत उजवीकडे तीनच उरलं आणि त्यातलंही एक ‘शिट्टी वाजवणे’ होतं. ते मलाही येत नाही.

एवढ्याने वर्तुळ हो म्हणेल का?

शनिवार, १२ एप्रिल

आजचं आजच लिहितो.

दुपारी चारला सगळे बसले. धाकटा माझ्या शेजारी, अंगावर पीठ. ताई म्हणाल्या, “सहा आठवडे झाले. आता प्रत्येकाने नव्या सोबत्याबद्दल बोलायचं. मग हात वर.” मी टिपण काढून तयार होतो.

पहिल्या मुकादम उठल्या. “काका पहिल्यांदा सगळ्यांशी ओरडून बोलायचे. आता हळू बोलतात. काकांना काळजीचा त्रास आहे. भाऊ दिसला नाही की सुरू होतो. तेव्हा त्यांना रिळं द्यायची, मग गप्प बसतात. काका नाकाने कांदे सोलतात, पण मनाने चांगले आहेत. मला चालतील.”

धोबीखान्यातले कोटवाले म्हणाले, “मीठ कमी केलं. ऐकतो.” स्वयंपाकघरातल्या बाई म्हणाल्या, जेवायला बोलवावं लागतं, पण एकदा बसले की व्यवस्थित जेवतात. असं सगळं वर्तुळ फिरलं. मी दर वेळी म्हणत होतो, आता धाकट्याचं येईल, आता येईल. शेवटी ताईंनी विचारलं आणि वीस हात वर गेले. धाकट्याने दोन्ही वर केले.

“काका, तुमची जागा पक्की,” ताई म्हणाल्या. टाळ्या. मुकादमांनी मला मिठी मारली.

मी म्हणालो, “आभारी आहे. माझं झालं. आता धाकट्याचं घ्या.”

“त्यांचं काय घ्यायचं? ते तुमच्या सोबत आले होते. उद्या परत जाणार ना?”

मला वाटलं स्टेंट निसटला. ताईंनी कपाटातून फाईल काढली, सहा आठवड्यांत पहिल्यांदा. वर माझा फॉर्म. इथल्या भाषेत ‘येणारा सोबती’ म्हणजे घरात राहायला येणारा माणूस. ‘सोबत येणारा’ म्हणजे त्याला पोहोचवायला आलेला. मी पहिल्या रकान्यात स्वतःला घातलं होतं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सहा आठवडे हे लोक मला सांभाळत होते. जिना, दात, रस्ता, रिळं. मुकादम माझ्यावर लक्ष ठेवत होत्या आणि मी समजत होतो, मी त्यांच्यावर!

“पण काका, फॉर्म भरताना शंका नाही आली?” ताईंनी विचारलं.

“मी शुद्धलेखन बघत होतो,” मी म्हणालो.

वर्तुळ एवढं हसलं, की धाकटाही हसला. त्याला कशाला हसतात ते कळलं होतं की नाही, देव जाणे. ताई मात्र हसल्या नाहीत. त्या फाईलकडे बघत म्हणाल्या, “यात आमचीही चूक उघडी पडली. आम्ही सगळ्यांना सारखं म्हणतो. पण तुमच्या भावाचं नाव वरच्या रकान्यात असतं तर मी त्यांना जोडीदार दिला असता, जिना दाखवला असता, भट्टीची किल्ली दिली नसती. वर्षभर तरी नाही.” त्यांचे डोळे भरले होते. मी तर एकोणपन्नास वर्षं कुठलीच किल्ली दिली नव्हती.

तेवढ्यात भट्टीवाला उभा राहिला. “तो जाणार?” त्याने विचारलं. ताईंनी फाईल दाखवली, तेव्हा म्हणाला, “मग मी एकटा नाही करणार.” आणि खाली बसला. तीन दिवसांचे शब्द त्याने एका दमात खर्च केले.

जागा एक आणि ती माझ्या नावावर. झालेला निर्णय इथे फिरवत नाहीत, पण वर्तुळ पुन्हा बसू शकतं. उद्या बसणार आहे.

रविवार, १३ एप्रिल

नाश्त्यानंतर बसलो. मी सगळ्यांत आधी म्हणालो, “माझी जागा त्याला द्या. मी जातो.” वाटलं, सुटला प्रश्न. ताई म्हणाल्या, “त्यांना विचारलंत?”

नव्हतं विचारलं. लाज वाटली. आणताना विचारलं नव्हतं, आज जागा देतानाही नाही.

ताईंनी विचारलं, “तुम्हाला काय हवंय?”

धाकट्याने हात पँटला पुसले. “मी इथे. भट्टी आहे.”

“आणि दादा?”

तो नखातलं पीठ काढत विचार करत होता. इथे कुणी घाई करत नाही. मला तोंड उघडायची इच्छा झाली तर मुकादमांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“दादाला एकट्याला झोप येत नाही,” तो म्हणाला. “भीती वाटते त्याला. मी असतो म्हणून झोपतो.”

मी “नाही रे” म्हणणार होतो. म्हणालो नाही.

“दादाने घरी राहून बघायचं,” तो पुढे म्हणाला. “सहा आठवडे. जमलं तर चांगलं. रविवारी इकडे चहाला यायचं.”

“आणि नाही जमलं तर?” ताईंनी विचारलं. “जागा एकच आहे.”

“तर मी आणायला जाईन. माझ्या खोलीत दुसरी खाट मावते. मोजली मी.”

“मंजूर,” मुकादम म्हणाल्या, आणि कुणी विचारायच्या आत सगळे हात वर गेले. मीही केला. माझ्या आयुष्याचा निर्णय माझ्या धाकट्या भावाने घेतला आणि मला तो पटला. आई असती तर तिचा विश्वास बसला नसता. मलाही अजून बसत नाही, पण बॅग भरायला घेतली आहे. फक्त माझी.

शनिवार, १९ एप्रिल

घर. पाच दिवस झाले. फार शांत आहे. दोघांचा भात लावतो, मग दोन वेळा तोच खातो. झोपेचं विचारू नका. पहिल्या रात्री दिवा चालू ठेवला, चोराच्या भीतीने असं स्वतःला सांगितलं. मला त्याची फार आठवण येते. चाळीस-पन्नास वर्षं मी समजत होतो, की तो मला धरून आहे.

आज दुपारी फोन आला. मागून ट्रे आपटल्याचे आवाज.

“दादा, जमतंय का? खरं सांग.”

“जमतंय.”

“खोटं बोलतोस.”

“थोडं,” मी म्हणालो. “काल चार तास झोपलो.”

“परवा किती?”

“तीन.”

त्याने बोटांवर मोजलं असावं. “मग वाढलं,” म्हणाला. मग आवाज हळू करून, “येऊ का आणायला?”

हो म्हणावंसं इतकं वाटलं, की रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. त्याने खरोखर गाडी पकडली असती. एकट्याने, दोन ठिकाणी बदलून. आणि पोहोचला असता, याची मला आज खात्री आहे.

“नको,” मी म्हणालो. “उद्याचे पाव कोण करेल?”

“हां, ते आहे,” तो म्हणाला. “उद्या चहाला ये. लवकर ये, नंतर मला वेळ नाही.” आणि आजवर कधी झालं नव्हतं ते झालं, त्याने माझ्याआधी फोन ठेवला.